कस्टमवाल्याची शेवटची झडती

बेकरीवाली ओलुफीने राईचा काळा पाव कागदात गुंडाळायला लागली की सेवेरिन मोर्क हात पुढे करायचा. पाव तळहातावर घ्यायचा, दोनदा वरखाली करायचा, मग कानाजवळ नेऊन बोटाने टकटक वाजवायचा. मागे चार बायका ताटकळत उभ्या असायच्या. एकदा ओलुफीनेने न राहवून विचारलं, "काय साहेब, काय म्हणतोय पाव?" सेवेरिनने पाव तिच्या हातात परत दिला आणि गंभीरपणे म्हणाला, "आज काही म्हणत नाही."

बायका हसल्या. तो हसला नाही. कोण कोण हसलं ते मात्र त्याने डोक्यात टिपून ठेवलं.

या पावाच्या वजनामागे गोष्ट होती. एकतीस वर्षांपूर्वी कस्टममध्ये नवा नवा लागलेला असताना एका शिडाच्या जहाजावर खलाशांच्या जेवणाच्या पावांत लपवलेली चाळीस पौंड तंबाखू त्याने पकडली होती. वर्तमानपत्रात नाव आलं होतं. वरिष्ठांनी समुद्रापलीकडे स्वेंडबोर्गच्या मोठ्या कचेरीतून पत्र पाठवलं होतं, ते त्याने चौकटीत घालून भिंतीवर लावलं होतं. खरं सांगायचं तर त्याने काही पकडलं नव्हतं. पावांची टोपली उचलताना एक पाव हातातून निसटला, डेकवर आपटला आणि फुटला. पण माणसाला आयुष्यात एकदाच शाबासकी मिळाली की तो ती आपल्या अकलेच्या खात्यावर जमा करतो. वर्षभरातच सेवेरिन सांगायला लागला की जहाजावर पाऊल ठेवताक्षणी त्याच्या मनात पाल चुकचुकली होती. पाच वर्षांनी त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला. पुढे नोकरीच्या तेवीस वर्षांत त्याने किती पेट्या उघडल्या, किती गाद्या उसवल्या, किती म्हाताऱ्यांच्या कुबड्या पोकळ आहेत का ते वाजवून पाहिल्या, त्याला गणती नाही. हाती काही लागलं नाही. याचा अर्थ लोक चोरी करत नाहीत असा कुणीही साधा माणूस लावेल. सेवेरिनने लावला तो असा की लोक हुशार झालेत.

निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी त्याची पाळत सुटली नव्हती. आमच्या बेटावरच्या गल्ल्यांत खिडकीच्या बाहेर आरसा लावतात, म्हणजे आत खुर्चीत बसल्याबसल्या गल्लीची दोन्ही टोकं दिसतात. म्हाताऱ्या माणसांची तेवढीच करमणूक. सेवेरिनची ती कचेरी होती. सकाळी कॉफी झाली की तो जुनी टोपी घालून खुर्चीत बसायचा. टोपीवरची सरकारी बटणं नियमाप्रमाणे परत करावी लागली होती, म्हणून त्याने स्वेंडबोर्गच्या बाजारातून तशीच दुसरी आणून लावली होती. गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येक माणसाची चाल त्याला पाठ होती. कोण डावा पाय ओढतो, कुणाची पिशवी जाताना हलकी आणि येताना जड असते, सगळं. गंमत अशी की तोच माणूस दुकानात समोर येऊन "कसं काय, मोर्कसाहेब?" म्हणाला की हा गोंधळायचा. आरशाशिवाय त्याला माणसं ओळखू येत नसत.

त्याचं घर सांभाळायची त्याची धाकटी बहीण हान्सीने. आई गेल्यावर त्याच्या जेवणाखाण्याचं बघायला कुणीतरी हवं म्हणून ती राहिली, आणि मग राहूनच गेली. ती फार बोलायची नाही, पण तिच्या हातची हेरिंग माशाची आंबट-गोड लोणची गल्लीभर जात. तिशीत असताना शाळेतला एक मास्तर तिच्यासाठी यायचा. बिचारा व्हायोलिन वाजवायचा. तिसऱ्या भेटीत सेवेरिनने त्याच्या व्हायोलिनची पेटी उघडायला लावली, आतलं मखमली अस्तर बोटांनी दाबून दाबून पाहिलं, आणि व्हायोलिनच्या पोटात मेणबत्ती धरून डोकावला. मास्तर पेटी बंद करून गेला तो पुन्हा आला नाही. "बघ," सेवेरिन बहिणीला म्हणाला, "खरा असता तर आला असता." हान्सीने त्या रात्री रडली असेल, नसेल, सेवेरिनला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं, कारण ती खिडकीच्या आरशात दिसेल अशी रडली नाही.

त्याला वीस वर्षं झाली. आता पुन्हा एक माणूस यायला लागला होता, आणि या खेपेला हान्सीनेने शहाणपणा केला होता. माणूस होता विलाड्स बीर्क, बंदरावरचा शिडं शिवणारा. बायको जाऊन सात वर्षं झाली होती. घरात ऐंशी वर्षांची आई, आणि अंगाला कायम डांबराचा आणि मेणाचा वास. बोलायला धिमा, पण एकदा बोलला की ते शब्द शिवल्यासारखे पक्के. दोन वर्षं तो हान्सीनेला विचारत होता आणि ती "थांब, सेवेरिनला सांगते" म्हणत होती. शेवटी या वसंतात तो म्हणाला होता, "मे अखेरच्या पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत थांबतो. नाही जमलं तर आईला घेऊन स्वेंडबोर्गला मुलीकडे जातो. शिडांना आता काम उरलं नाही, हान्सीने. तुझ्यासाठीच इथे राहिलोय." म्हणजे सण येईपर्यंत तिने भावाला सांगायचं, नाहीतर उरलेलं आयुष्य हेरिंग खारवत काढायचं, इतका साधा हिशेब होता. गल्लीत हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त डोळ्यात तेल घालून गल्ली बघणाऱ्याला माहीत नव्हतं.

त्याला कळू नये म्हणून हान्सीनेने खिडकीतले कुत्रे वापरले होते. खलाशाच्या घरी खिडकीत चिनीमातीच्या कुत्र्यांची जोडी असतेच. घरधनी समुद्रावर असला की त्यांची तोंडं रस्त्याकडे, घरी आला की आत. सेवेरिन आणि हान्सीनेचा बाप जहाजाचा कप्तान होता. तो वारल्यावर आईने कुत्रे कायमचे आत वळवले, आणि इतकी वर्षं ते जेवणाच्या टेबलाकडे बघत बसले होते. आता मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीन वाजता सेवेरिन बंदरावर फेरी मारायला गेला की हान्सीने कुत्र्यांची तोंडं बाहेर वळवायची. विलाड्स यायचा, अर्धा तास बसायचा, कॉफी घ्यायचा, जायचा. मग कुत्रे पुन्हा आत. त्यापलीकडे काही नव्हतं. ओलुफीने तर म्हणायची, "बाई, माझ्या लग्नाच्या नवऱ्यापेक्षा हा सभ्य आहे."

मे महिन्यातल्या एका मंगळवारी वारा असा सुटला की बंदरावर उभं राहवेना. सेवेरिन टोपी हाताने धरून लवकर परतला आणि गल्लीच्या तोंडाशीच थबकला. त्याच्या घराच्या खिडकीतून दोन कुत्रे त्याच्याकडे बघत होते.

तो ओलुफीनेच्या दुकानाच्या आडोशाला गेला. दहा मिनिटांनी त्याच्याच दारातून एक पाठ बाहेर पडली, चालीवरून विलाड्सची, आणि बंदराकडे निघून गेली. आणखी दोन मिनिटांनी पडद्यामागून एक हात आला आणि कुत्रे एकेक करून वळले. खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला होता. आठ वर्षं तो रिकाम्या गल्लीवर पहारा देत होता, आणि आता चोरी त्याच्याच घरात सापडली होती.

सरळ बहिणीला विचारलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. "हान्सीने, कुत्रे का वळवलेस?" एवढंच. पण विचारलं की समोरचा सावध होतो, हे कस्टमचं पहिलं शास्त्र. तो आत गेला, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाला, "वारा फार आहे."

"लवकर आलास," ती म्हणाली.

'लवकर आलास', म्हणजे ती वेळ मोजते, हे त्याने नोंदवलं. मोरीत दोन कप ओले होते. खोलीत मेणाचा वास होता. शिडाच्या कापडाच्या गुंडाळीत स्पिरिटचा डबा किती सहज बसेल हे त्याच्या डोक्यात चमकून गेलं. त्या दिवसांत समुद्रापलीकडच्या कील बंदरातून दारूसाठी चोरटं स्पिरिट होड्याच्या होड्या भरून येत होतं, हे सगळं बेट जाणत होतं. रात्री अंथरुणात पडेपर्यंत त्याने सगळी साखळी जुळवली होती. होडी रात्री येते, माल शिडांत गुंडाळून विलाड्सच्या कारखान्यात जातो, आणि वाटप होतं ते एका निवृत्त कस्टमवाल्याच्या घरातून. तिथे कोण झडती घेणार? योजना इतकी सुंदर होती की त्याला त्या चोरांचं कौतुकच वाटलं.

राहता राहिली हान्सीने. ती फसवली गेली आहे की सामील आहे? दोन दिवस त्याने तळघराच्या दाराला काळा दोरा बांधून ठेवला. दोरा तुटला, कारण ती बटाटे आणायला गेली होती. मग त्याने दाराशी पीठ भुरभुरलं. तिने ते झाडून काढलं आणि म्हणाली, "सेवेरिन, पिठाच्या डब्याला उंदीर लागलेत वाटतं." किती थंड डोक्याची आहे, तो मनात म्हणाला. जिच्या हातचं तीस वर्षं जेवला तिच्याकडे तो आता ताटावरून चोरून बघत होता, पण बघत होता ते तिचे हात, खिसे आणि बूट.

रविवारी चर्चहून आल्यावर तिने डुकराचं मांस भाजलं, नव्या बटाट्यांचा रस्सा केला, त्याच्या आवडीचा. त्याला वाढून झाल्यावर ती बसली नाही, खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

"सेवेरिन, मला तुला एक सांगायचंय."

त्याने काटा खाली ठेवला. आता कबुली येणार. आणि कबुली म्हटल्यावर त्याला एकदम भीती वाटली, तिच्यासाठीच वाटली हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. एकदा तिने तोंडाने कबूल केलं की तो गप्प बसू शकणार नव्हता.

"आधी नीट विचार कर," तो म्हणाला. "एकदा तोंडातून गेलं की मी ऐकलं नाही असं मला म्हणता यायचं नाही. मी सरकारी माणूस आहे."

"काय?"

"कुणी तुला यात ओढलं असेल तर अजून वेळ आहे. एवढंच म्हणतो. बोलू नकोस. विचार कर."

म्हणजे याला विलाड्सचं कळलंय, आणि याला तो गुन्हा वाटतो, असं हान्सीनेला वाटलं असावं. दोघं एकाच टेबलापाशी होते आणि दोन वेगळ्याच गोष्टी बोलत होते. मग तिने रश्शाचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं.

"गार होतंय," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली.

सणाच्या आधीचा शुक्रवार त्याने छाप्यासाठी ठरवला. हवालदार राउनला पंच म्हणून बोलावलं. राउन जाडजूड, शांत माणूस होता, आणि गल्लीतल्या सगळ्यांसारखं त्यालाही सगळं माहीत होतं.

"मोर्कसाहेब, विलाड्स तुमच्याकडे कशाला येतो, मी सांगू का?"

"पंचाने आधी मत बनवायचं नसतं."

"अहो, मत कसलं, सगळं गाव–"

"गावाचं मत तर मुळीच नाही. येताय की स्वेंडबोर्गला लिहू?"

राउनने उसासा टाकला आणि टोपी घातली. होऊन जाऊ दे एकदाचं, असं त्याच्या मनात आलं. समोरासमोर आले की म्हाताऱ्याची समजूत घालू, आणि बाईचाही गुंता सुटेल. तो चांगला माणूस होता, आणि त्याचा अंदाज सपशेल चुकला.

हान्सीने चर्च सजवायला बीच झाडाच्या कोवळ्या फांद्या आणायला गेली होती. सेवेरिनने तीन वाजता स्वतःच्या हाताने कुत्रे बाहेर वळवले, राउनला दारामागे उभं केलं आणि आपण स्वयंपाकघरात दबा धरून बसला. फार वेळ लागला नाही. दार हळूच उघडलं. विलाड्स आत आला. अंगात रविवारचा कोट, केस पाण्याने चापून बसवलेले, काखेत शिडाच्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी चपटं आणि जड.

"हान्सीने?" त्याने मऊ आवाजात हाक मारली.

"हलू नका!" सेवेरिन बाहेर आला. असं ओरडायला त्याला एकतीस वर्षांनी मिळालं होतं. "ते टेबलावर ठेवा."

विलाड्सने आधी त्याच्याकडे बघितलं, मग दारामागच्या राउनकडे. त्याचे कान लाल झाले. "साहेब, बरं झालं तुम्ही घरी आहात," तो म्हणाला. "हे मी रविवारी तुमच्याच समोर–"

"ठेवा म्हणतो ना."

त्याने ठेवलं. सेवेरिनने गाठ सोडली, कापड बाजूला केलं. आत ओकच्या लाकडाची दारावर लावायची पाटी होती. घासूनपुसून चकचकीत केलेली, मेण लावलेली, वर पितळी अक्षरं ठोकलेली. वरच्या ओळीत विलाड्स बीर्क. खालच्या ओळीत हान्सीने बीर्क.

राउनने टोपी काढली. "घ्या," तो हळूच म्हणाला, "अभिनंदन करा आता, मोर्कसाहेब."

कुणीही दुसरा असता तर त्याने त्या दोन ओळी वाचल्या असत्या. सेवेरिननेही वाचल्या. पण वाचता वाचता त्याचं बोट पाटीच्या कडेवर गेलं होतं. पाटी जाड होती, चांगली दीड इंच. दारावरच्या पाटीला दीड इंच कशाला लागतं? त्याने ती उचलून तळहातावर तोलली, वरखाली केली, कानाशी नेऊन टकटक वाजवली.

"कोणी सांगितलं इतकी जाड करायला?"

"टिकावी म्हणून," विलाड्स म्हणाला.

"साहेब, नको," राउन पुढे झाला. पण चुलीपाशी लाकडं फोडायची लहान कुऱ्हाड असते, ती सेवेरिनच्या हातात आली होती. त्याने पाटी फरशीवर उभी धरली आणि घाव घातला. ओक सरळ फाटतो. पाटी दोन ओळींच्या मधून लांबच्या लांब फाटली आणि एक तुकडा टेबलाखाली सरकत गेला.

हान्सीने दारात उभी होती. दोन्ही हातांत फांद्या.

तिने फांद्या भिंतीला टेकवून ठेवल्या, खाली वाकली, टेबलाखालचा तुकडा काढला आणि त्यावरचं नाव वाचलं. ते तिचं होतं.

"आत काय सापडलं?" तिने विचारलं.

"काही नाही, हान्सीने," राउन म्हणाला.

"मी त्याला विचारतेय."

सेवेरिनने फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. "भरीव आहे," तो म्हणाला.

"मग तसं लिही. भरीव आहे म्हणून लिही." तिचा आवाज चढला नव्हता. "तुला वाटतं मला राग आलाय? राग मास्तरच्या वेळी आला होता. आता मला लाज वाटतेय, सेवेरिन. याने महिनाभर बसून हे केलं, आणि मी याला अशा घरी बोलावलं. रविवारी तुला सांगायला आले तर म्हणालास, विचार कर. केला मी विचार."

तिने दुसराही तुकडा घेतला, दोन्ही एप्रनमध्ये धरले आणि विलाड्सला म्हणाली, "चल. तुझ्या आईला सांग, माझं अंथरूण तिच्या खोलीत घालायला." जाताना तिने दार आपटलं नाही. नीट ओढून घेतलं, जसं ती रोज ओढायची.

सेवेरिन कुऱ्हाड हातात घेऊन उभा होता. "पाहिलंत?" तो राउनला म्हणाला. "मुद्देमाल घेऊन गेली."

राउनने त्याच्या हातातून कुऱ्हाड काढून घेतली आणि जागेवर ठेवली.

सण सेवेरिनने खुर्चीत बसून काढला. तीस वर्षं इतरांच्या घरातलं काय कुठे लपवलंय ते शोधणाऱ्याला स्वतःच्या घरात कॉफीचा डबा सापडला नाही. भूक लागली की तो पावाचा तुकडा मोडायचा आणि आरशात बघायचा. ती येईल अशी त्याची खात्री होती, कारण सणाला ती नेहमी भातात दूध-दालचिनी घालायची. शनिवारी आली नाही, रविवारी घंटा वाजल्या तरी नाही, सोमवारीही नाही. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की तिला तिथे डांबून ठेवलं असणार. स्वखुशीने कुणी असं जातं का? तिने तिची चांगली चादरसुद्धा नेली नव्हती. त्याला एकदम हायसं वाटलं. ती गेली नव्हती, तिला नेलं होतं. मंगळवारी सकाळी तो दाढी करून, टोपी घालून राउनच्या कचेरीत गेला आणि बहीण बेपत्ता असल्याची तक्रार घ्या म्हणाला.

राउनने कागद ओढला.

"ठीक. लिहून घेतो. नाव माहीत आहे. वय?"

"बेचाळीस," सेवेरिन म्हणाला. "त्रेचाळीस."

"पन्नास. या जानेवारीत झाली. गल्लीने तुमच्या दारासमोर वाढदिवसाचा झेंडा लावला होता."

"तो झेंडा मी पाहिला होता."

"मग?"

"मला वाटलं चोरट्यांचा इशारा आहे."

राउनने पेन शाईत बुडवलं. "आणि घरी केक आला होता तो?"

"कुठून आला याची मी चौकशी केली होती," सेवेरिन म्हणाला.

"उंची?"

"मध्यम."

"केस?"

"तपकिरी. म्हणजे आता... डोक्याला रुमाल असतो."

"डोळ्यांचा रंग?"

सेवेरिनने तोंड उघडलं. एकतीस वर्षांपूर्वीच्या त्या जहाजावरच्या सगळ्या खलाशांच्या डोळ्यांचे रंग त्याला आठवत होते. स्वयंपाक्याच्या एका डोळ्यात पांढरा ठिपका होता. हान्सीनेचे हात दिसत होते, एप्रन दिसत होता, बूट दिसत होते. चेहऱ्याच्या जागी त्याला काहीच दिसेना. त्याने डोळे मिटून पाहिलं.

"लिहा... निळे."

"निळे लिहू?"

"थांबा," सेवेरिन म्हणाला. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "खोटं लिहू नका. मला आठवत नाही."

राउनने पेन बाजूला ठेवलं. "साहेब, ती इथून चार गल्ल्यांवर आहे," तो हळुवारपणे म्हणाला. "ती बेपत्ता नाही. जाऊन बघा ना."

सेवेरिन निघाला तेव्हा त्याच्या डोक्यात तक्रार नव्हती, की साखळी नव्हती. रंग कोणता, एवढंच होतं. तो भरभर चालला, नंतर नंतर तर जवळजवळ धावलाच, आणि ओलुफीने दुकानाच्या दारातून म्हणाली, "अगं बाई, साहेबांच्या मागे कोण लागलंय?" तरी त्याने वळून पाहिलं नाही. विलाड्सच्या दारावर पाटी नव्हती. त्याने ठोठावलं.

दार हान्सीनेने उघडलं. हात पिठाने भरलेले, डोक्याला रुमाल नाही. केस पांढरे झाले होते. सगळेच नाही, पण कानांवरचे पुरते. डोळे करडे होते, फिकट करडे, आणि डाव्या डोळ्याखाली बारीक सुरकुत्यांचं जाळं होतं, आईच्या होतं तसंच. किती दिवसांपासून हे असं होतं? आपण कुठे होतो? तो नुसता बघत राहिला, टक लावून, पापणी न हलवता, पुढे वाकून.

हान्सीने एक पाऊल मागे सरली. तिने त्याच्या नजरेकडे पाहिलं, तिचं तोंड घट्ट मिटलं, आणि पिठाचा हात एप्रनच्या खिशात गेला. तिने खिसा बाहेर ओढून उलटा केला. शिवणाचं अंगुस्तान आणि एक रुमाल खाली पडला.

"घे," ती म्हणाली. "बघ. काही नाहीये."

"तसं नाही, हान्सीने," सेवेरिन म्हणाला. "मी शोधायला नाही आलो." पण तोवर तिने दुसराही खिसा उलटा केला होता.